काटा नसेल तर पन्नास

नमुना सरांनी पहिला कीबोर्ड माझ्या पाठीवर फोडला, तेव्हा मला त्यांच्या क्लासात येऊन चौथाच दिवस झाला होता. आवाज मोठा झाला, लागलं त्या मानानं कमी. बटणं खोलीभर उडाली. मी उठून त्यांचं मनगट धरलं, कारण मार खाऊन खाली बसायची सवय मला माझ्या बापानंही लावली नव्हती. सरांनी हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "आता एकएक बटण येच आन जागेवर बसव. कोन्तं अक्षर कुठं ऱ्हातं ते जल्मात इसरनार न्हाईस." मी वेचत बसलो. दोन बटणं सापडलीच नाहीत. आज माझी बोटं कीबोर्डकडे न बघता चालतात, ती त्या दुपारपासून.

माझा गुन्हा एवढाच होता की त्यांनी दिलेला नमुना मी जसाच्या तसा परत आणला होता.

वसमतच्या बसस्टँडजवळ, बी-बियाण्यांच्या दुकानावर सरांच्या दोन खोल्या होत्या. पूर्वी तिथं टायपिंग इन्स्टिट्यूट चालायची. तालुक्यातले निम्मे कारकून सरांची लाकडी पट्टी बोटांवर झेलत त्या जिन्यावरून खाली उतरलेले. पुढे टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि टाइपरायटर भंगारात निघाले, तेव्हा सर पंचेचाळिशीचे होते. त्या वयात ते प्रोग्रॅम लिहायला शिकले. गुरू कोणी नव्हता, कंपनीचे नमुने होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकी कशी उघडायची, तिच्यात बटण कसं ठेवायचं, बटण दाबल्यावर काय व्हायचं, याचे छोटे छोटे तयार प्रोग्रॅम कंपनी इंटरनेटवर ठेवते. नव्या माणसानं बघून शिकावं म्हणून. सर ते उतरवून घ्यायचे, कागदावर छापायचे आणि कागद फाटेल इतका जोर देऊन पेनानं रेघा मारत वाचायचे.

त्या परदेशी नमुन्यांत बहुतेक वेळा सायकलींचं दुकान असायचं. निळी सायकल, लाल सायकल, अमुक गिऱ्हाइकानं तमुक सायकल मागवली. सर म्हणायचे, आपल्या मोंढ्यात, ह्या धान्याच्या बाजारात, सायकल कोण घेऊन राहिलं? मग ते सगळं दुकान उचलून बाहेर फेकायचे आणि तिथं हळदीची आडत बसवायचे. लाल-निळ्या सायकलींच्या जागी हळकुंडं आणि गड्डे यायचे. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती ओळ काय करते ते मराठीत लिहायचे. अशा शंभरावर नमुन्यांची त्यांनी एक फळी उभी केली होती. म्हणून ते नमुना सर. शिवाय माणूसच एक नमुना होता, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी बसलं. पोरं मागून म्हणायची ते त्यांना ठाऊक होतं. पुढे पुढे ते स्वतःच फोनवर "नमुना बोलून राहिलो" असं सांगायचे.

त्यांची शिकवण्याची पद्धत दोन शब्दांची होती. नमुना हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोडून आन." म्हणजे तो पाच तऱ्हांनी बंद पाडायचा. एखादी ओळ काढायची, आकड्याच्या जागी नाव टाकायचं, चालू असताना वायर उपटायची, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहून आणायचं. जो धडधाकट नमुना परत आणेल त्याची पाठ आणि सरांच्या हाताला लागेल ती वस्तू. माउस वायरीला धरून गरगर फिरवून मारलेला मी पाहिला आहे. एका पोरानं सांगितलं, सर, मोडतच नाही. सरांनी त्याच्या समोरचा मॉनिटर उचलून जमिनीवर आपटला आणि म्हणाले, आता तरी मोडला का? तो मॉनिटर त्यांचा स्वतःचा होता, आणि पुढचे दोन महिने ते आमच्या खांद्यावरून डोकावून काम करत होते.

लाइट गेली तरी क्लास सुटायचा नाही. मग आम्हीच कॉम्प्युटर व्हायचो. एक जण खिडकी, एक जण वजनाचा रकाना, एक जण प्रिंटर. मी सहा महिने बटण होतो. बटण दाबणं म्हणजे सरांची टपली, आणि दोनदा दाबायचं असेल तर दोन. टपली बसली की मी ओरडून पुढच्याला निरोप द्यायचा, त्यानं वजन सांगायचं, प्रिंटरनं ते कागदावर लिहायचं. एकदा मी चिडून सरांना म्हणालो की दुसऱ्या कोणाला बटण करा, माझ्या डोक्याला खोक पडेल. सर म्हणाले, "तूच बराबर हायस. दाबलं की पेटतोस." सगळे हसले. मीही हसलो असेन. त्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली, तर हाच माणूस तीन आठवडे रोज उसाचा रस घेऊन खोलीवर यायचा आणि पेला रिकामा होईपर्यंत मला शिव्या देत उभा राहायचा.

मी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. सर मला साखऱ्याच म्हणायचे, आणि वर सांगायचे की नावात साखर आहे, तोंडात नाही. बसस्टँडवर चार्जर आणि कव्हरं विकत मी भाव करायला शिकलो होतो. क्लासमधली जागाही मी भाव करूनच मिळवली: वायरिंग आणि पंखे मी सांभाळणार, बदल्यात एक खुर्ची माझी. समोरच्याला काय हवं आहे ते मला लवकर कळतं आणि राग त्याहून लवकर येतो. या दोन गोष्टींवर माझा आजचा धंदा उभा आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी दुकानांत माझे प्रोग्रॅम चालतात.

पहिलं काम मला मोंढ्यातल्या एका आडत्यानं दिलं. मोठा काटा कॉम्प्युटरला जोडायचा, पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप यादीत उतरलं पाहिजे आणि शेवटी शेतकऱ्याला छापील चिठ्ठी मिळाली पाहिजे. मी छातीठोक सांगितलं, आठ दिवसांत देतो. सरांकडे काट्याचा नमुना होता. त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या अंगावर फेकला आणि नेहमीचे दोन शब्द सांगितले.

मी मोडला नाही. आठ दिवसांत मोडायला वेळ कुठला?

नमुना मी माझ्या लॅपटॉपवर उघडला, तर ओळींच्या डोक्यावर सरांनी लिहिलेलं सगळं मराठी कचरा होऊन आलं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. कारण सर टायपिंगवाले. त्यांची बोटं जुन्या मराठी टाइपरायटरला बांधलेली, आणि तसंच टाइप करता येणारा एक जुना फॉन्ट ते वापरायचे. तो फॉन्ट क्लासच्या कॉम्प्युटरवर होता, जगात इतर कुठं नव्हता. मी त्यांना दहादा तरी सांगितलं होतं की आता सगळीकडे दिसेल असं मराठी लिहिता येतं, ते शिका. ते ऐकायचे नाहीत. तर मी काय केलं, एका झटक्यात सगळा कचरा पुसून टाकला. प्रोग्रॅम कसा स्वच्छ दिसायला लागला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या कचऱ्यात, हे मला पुढे पेनड्राइव्हवरची मूळ प्रत उलगडून वाचल्यावर कळलं, एक ओळ अशी होती: "फक्त क्लासपुरतं. बाजारात नेताना खालची ओळ काढणे." आणि तिच्या खालची, इंग्रजीत असल्यामुळे शाबूत राहिलेली, ओळ काट्याकडून उत्तर न आल्यास वजन पन्नास किलो समजा असं सांगत होती. क्लासात काटा नव्हता, पोरांना सराव व्हावा म्हणून सरांनी ती घातली होती.

दुसरी एक खिडकी मी जाणूनबुजून ठेवली. प्रत्येक नमुन्यात वरच्या कोपऱ्यात 'माहिती' नावाचं बटण असायचं. ते दाबलं की सरांचं पूर्ण नाव, फोन आणि क्लासचा पत्ता दिसायचा. ते पुसून माझं नाव घालायला दोन मिनिटं लागली असती. पण आडत्यानं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं होतं, आणि मी ती खिडकी उघडून दाखवल्यावर तो खुलला. त्याचा दिवाणजी सरांच्याच पट्टीखालून गेलेला. नाव चालत होतं, म्हणून मी ते चालवलं.

दोन महिने काही झालं नाही. मग हंगामात, भर गर्दीच्या सकाळी, पोत्याच्या ओढाताणीत काट्याची वायर सैल झाली. काट्याच्या स्वतःच्या, आकडे दाखवणाऱ्या दिव्यावर खरं वजन दिसत होतं: चोपन्न, सत्तावन्न, त्रेपन्न. शेतकरी ते बघून निर्धास्त होते. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक पोत्याला पन्नास लिहीत गेला. दुपारी चिठ्ठ्या छापल्या. पहिल्या शेतकऱ्यानं चिठ्ठी वाचली, मग शेजारच्याची वाचली, आणि मोंढा पेटला.

लोकांनी आडत्याला गादीवरून खाली ओढला. त्याचा सदरा फाटला, दाराची काच फुटली, दिवाणजीच्या कपाळातून रक्त आलं. जीव वाचवायला आडत्यानं 'माहिती'चं बटण दाबलं आणि पडद्याकडे बोट केलं. ह्यानं बनवलाय, ह्याला धरा. मी त्या वेळी नरसीला एका दुकानात कॉम्प्युटर बसवत होतो.

पुढचं मला चौघांकडून चार तऱ्हांनी कळलं, पण मुद्द्यावर चौघांचं एकमत आहे. पंचवीस-तीस माणसं जिना चढून वर गेली. पोरं मागच्या गॅलरीतून पळाली. सर खुर्चीतून उठले नाहीत. आधी कॉम्प्युटर फुटले, मग खुर्च्या, मग सर. त्यांत दाजी नावाचा हमाल पुढे होता. धिप्पाड माणूस, मोंढ्यात पोती उचलायचा आणि स्वतःची थोडी जमीन करायचा. त्या दिवशी त्याची स्वतःची, बायकोनं उन्हात बसून वाळवलेली हळद त्या काट्यावर गेली होती. येताना त्यानं मोंढ्यातलं पाच किलोचं जुनं लोखंडी वजन उचलून आणलं होतं. "ह्याच हातानं लिव्हलं न्हवं पन्नास?" असं म्हणून त्यानं सरांचा उजवा पंजा टेबलावर दाबला आणि वजन वरून घातलं. दोनदा.

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पायऱ्यांवर हळदीच्या पिवळ्या पावलांचे ठसे होते, वर काचा आणि रक्त. डॉक्टरांनी बांधलेला हात छातीशी धरून सर त्याच खुर्चीवर बसले होते, घरी जायला तयार नव्हते. पोलीस येऊन गेला होता. सरांनी त्याला जिन्यावरून पडल्याचं सांगितलं होतं. मी म्हणालो, मी आत्ताच्या आत्ता मोंढ्यात जातो आणि सांगतो की प्रोग्रॅम माझा होता. सरांनी विचारलं, "त्या खिडकीत नाव कोनाचं हाय?" मी म्हणालो, तुमचं. "मंग तू काहून बोलून राहिला?"

मी त्यानंतर एका माणसाला मारलं, कारण मला कोणाला तरी मारायचंच होतं. खाली बियाण्यांच्या दुकानात कोणी तरी म्हणालं की नमुन्यानं चांगलीच लबाडी केली. त्याचे दोन दात पडले. पण मोंढ्यात जाऊन मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, आठ वर्षांत नाही. दुसऱ्या दिवशी पोती पुन्हा तोलली गेली, ज्यांची हळद दुसऱ्या ढिगात मिसळली होती ते तसेच राहिले, दाजी त्यातलाच. आडत्याच्या लेखी मी फक्त बसवणारा होतो, त्यानं तेच काम परत मलाच दिलं. बाकीच्यांनीही दिलं. माझं बस्तान बसलं आणि सरांच्या खोल्यांत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं.

मी वाईट वाटून घेणारा माणूस नाही. मला राग आला होता, आणि तो सरांवर होता. जगाला वाचता न येणाऱ्या अक्षरांत सूचना कोण लिहितं? मी सांगितलं होतं की फॉन्ट बदला. ही चूक निम्मी तरी त्यांची होती, आणि त्यांनी ती एकदा तोंडानं कबूल करावी, एवढंच माझं मागणं होतं. दर दिवाळीला मी त्यांच्या घरी जायचो, फराळ खायचो आणि विषय काढायचो. सरांची तीन बोटं सरळ होत नसत. डाव्या हातानं चहा ढवळत ते म्हणायचे, नमुन्यात चूक नसते. एका वर्षी मी हट्टालाच पेटलो. म्हणालो, सर, निम्मी तुमची, निम्मी माझी, आता मिटवून टाकू. त्यांनी स्टीलचा तांब्या उचलून फेकला. माझ्या भुवईला लागला, रक्त डोळ्यात आलं. "चूक म्हंजे काय हळद हाय का, दोघांत वाटून घ्यायला?" मी हात उगारला. खरंच उगारला होता. त्यांनी चेहरा बाजूला केला नाही, तेव्हा मी तो खाली घेतला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो. मागून त्यांचा आवाज आला, भुवईला हळद लाव. पुढच्या दिवाळीला मी गेलो नाही.

त्यानंतरच्या चैत्रात सर गेले. हृदय थांबलं, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मी खांदा दिला. मोंढ्यातला एकही माणूस आला नव्हता, आणि कारकूनही मोजकेच. स्मशानात दोघे जण बोलत होते की टायपिंगला माणूस वाघ होता, पण पुढे लबाडीत हात मोडून घेतला. एकदा असल्याच बोलण्यावर मी दात पाडले होते, या वेळी नुसतं ऐकून घेतलं. तिथून मी घरी गेलो नाही.

मोंढ्यात उतरती दुपार होती. दाजी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. केस पांढरे, खांदे अजून तसेच. मी त्याच्यापुढे उभा राहून सांगितलं की नमुना सर वारले, आणि तो पन्नासवाला प्रोग्रॅम माझा होता, त्यांचा नव्हता. त्यानं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठला आणि माझ्या कानाखाली अशी मारली की मी पोत्यांवर आडवा झालो.

"आठ वरीस काहून गप बसला?"

आजूबाजूचे हमाल गोळा झाले. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत होता, आता मी त्याची गचांडी धरणार म्हणून दोघे मध्ये आले. मी उठलो नाही. दाजी खाली बसला आणि आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहिला. त्यानं सांगितलं, की वजन घालायच्या आधी सर काहीतरी बोलत होते. कोणाला समजलं नव्हतं. भीतीनं माणूस बरळतोय असं त्यांना वाटलं.

"म्हनत होते, ती ओळ वाचता यील अशी लिव्हली न्हाई म्या. माझी चूक हाय. लई बार म्हनले." त्यानं माझ्याकडे मान वळवली. "कोन्ती ओळ?"

मी त्याला सांगितली. ती मराठीत होती, कचरा होऊन आली होती, म्हणून मी पुसली, हेही सांगितलं.



"तुमाला वाचता आली न्हाई," दाजी म्हणाला, "मंग इचारायचं न त्यायला. हितंच तर ऱ्हात होते."

काट्यापाशी गाडी लागली होती. कोणीतरी त्याला हाक मारली. तो उठून गेला, आणि मी गाल चोळत त्या पोत्यांवर बसून राहिलो.